मागचा बाक मुका

सोमवार, २ सप्टेंबर

मिरे,

चौदा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझी आई ठणठणीत आहे आणि गुडघे सोडले तर मीही बरी आहे. तुझा पत्ता ताईनेच दिला. 'लिहून घे' आणि 'ठेवते' यांच्या मध्ये फक्त पत्ता सांगितला, वर एक अक्षर नाही. सख्खी बहीण, पण बोलायचं मोजूनमापून.

कामाचंच लिहिते. तुझा अर्ज माझ्या टेबलावर आहे. तू तो प्राचार्यांना पाठवलास आणि त्यांनी 'मॅडमचा अभिप्राय घ्यावा' असा शेरा मारून माझ्याकडे ढकलला. या गृहस्थांना स्वतःचं असं काही मत असतं का, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. तीस तारखेला समिती बसणार. आपल्या अध्यापक महाविद्यालयाच्या नोंदवहीत तुझ्या नावापुढे जे लिहिलंय, 'मुलांच्या सुरक्षिततेबाबत निष्काळजी, प्रशिक्षणातून कमी केले', ते पुसायचं की ठेवायचं हे त्या दिवशी ठरेल. पुसलं तर ती बालवाडी तुला घेणार, नाही तर नाही, असं तूच लिहिलंयस. पस्तिसाव्या वर्षी पुन्हा मुलांत जायचं मनात आलं, हौस दांडगी बाई तुझी. कपड्याच्या दुकानात तुझं बरं चाललंय असं मी ऐकून होते.

अभिप्राय मी नीट विचार करून देईन. त्या दिवसाचं जे आठवत होतं ते मी तेव्हाच चौकशीत सांगितलं, आताही तेच सांगेन. तुझा शेवटचा सराव पाठ होता. चौथीचा वर्ग, विषय अपूर्णांक. तू शिकवत होतीस, मी परीक्षक म्हणून मागच्या बाकावर होते. साडेअकराच्या सुमाराला तिसऱ्या बाकावरची, खिडकीकडची मुलगी खाली कोसळली आणि तिचं डोकं बाकाच्या लोखंडी कडेवर आपटलं. तिला साखरेचा आजार होता हे आपल्या दोघींनाही ठाऊक नव्हतं. तू शिकवण्यात गुंतली होतीस, मी लिहिण्यात. दैव म्हणायचं, दुसरं काय.

तू चौकशीत म्हणाली होतीस, 'मी मावशीकडे पाहिलं, तिने पेनाने पुढे चल म्हटलं.' अगं, माझ्या हातात पेन असतंच. ते हलतंही.

बाकी, वार्तापत्र अजून मीच काढते. तू होतीस तेव्हा चार पानी होतं, आता सोळा पानी झालंय. शिक्षक घडवणाऱ्या प्राध्यापकांना लागतं ते सगळं त्यात असतं: कोण निवृत्त झालं, चर्चासत्र कुठे आहे, अभ्यासक्रमात काय बदललं, नमुना पाठ, निरीक्षणाची पत्रकं. एकशेसाठ महाविद्यालयांत जातं. 'मागचा बाक' हे माझं सदर अजून चालू आहे. 'मागचा बाक मुका असतो' हे माझं वाक्य तर इतकं रुळलंय की नव्या प्राध्यापकांना ते कुठल्यातरी जुन्या पोथीतलं वाटतं. पाठ चालू असताना परीक्षकाने तोंड उघडायचं नाही, हात उचलायचा नाही, आपण वर्गात नाहीच असं समजून बसायचं. हल्ली पोरं ते घोकून परीक्षेत लिहितात.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

मावशी


रविवार, ८ सप्टेंबर

मिरे,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. तरी लिहिते, कारण या आठवड्यात मला झोप नाही आणि दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

आमच्या ग्रंथपालांना तू ओळखतेस, तेच ते, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. त्यांनी एक खूळ काढलंय. गेल्या तीस वर्षांतली सगळी निरीक्षण पत्रकं तळघरातून वर काढायची, वर्षावार लावायची आणि निवडक पत्रकं वार्तापत्रातून सगळ्यांना वाचायला द्यायची. 'नव्या प्राध्यापकांना कळू दे, मॅडम, पूर्वी निरीक्षण कसं करायचे ते.' बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. संपादक म्हणून मीही डोलावली. न डोलावून सांगते कुणाला!

ते एकेक गठ्ठा सोडतात आणि मधल्या सुट्टीत चहा पिता पिता शेरे वाचून दाखवतात. परवा माझाच एक वाचला: 'आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचतो, ज्ञान तिथपर्यंतही पोचत नाही.' सगळे खो खो हसले. ग्रंथपाल म्हणाले, 'मॅडम, तुमचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे, पण शेरे म्हणजे विंचू हो!' मीही हसले.

ते जुन्याकडून नव्याकडे येताहेत. आपलं वर्ष यायला सात-आठ गठ्ठे राहिलेत.

आणखी एक झालं. वार्तापत्राला एका लांबच्या महाविद्यालयातून एका तरुण प्राध्यापकाचं पत्र आलं. त्याच्या शिकाऊ शिक्षकाचा पाठ चालू असताना एक पोरगा पांढराफटक पडला आणि बाकावरच ओकला. 'आपल्या नियमाप्रमाणे मी शेवटपर्यंत गप्प बसलो. हे योग्य केले ना? कृपया सदरातून मार्गदर्शन करावे.' पोराला काही झालं नाही, पित्त होतं. पण मी ते पत्र चारदा वाचलं. मार्गदर्शन म्हणे! एकशेसाठ महाविद्यालयं, प्रत्येकाचे शेकड्याने सराव पाठ, आणि प्रत्येक वर्गात मागच्या बाकावर कुणीतरी माझं वाक्य गिळून बसलेलं.

गुरुवारचं तर तुला सांगायलाच हवं. एका मुलीचा पाठ होता, नदीचा प्रवास. दुसऱ्या रांगेतल्या पोराने बाकावर डोकं टेकलं. मी घड्याळ बघितलं, अकरा वाजून बारा मिनिटं. मी उठले. उठले कसली, ओरडलेच, 'त्याला उठवा! पाणी आणा!' धावत गेले तर तो पठ्ठ्या वहीखाली बैलाचं चित्र काढत होता. सगळा वर्ग हसायला लागला, पाठ देणारी रडायला लागली. बाहेर पडताना एक शिकाऊ पोरगी दुसरीला म्हणाली, 'अगं, मागचा बाक मुका असतो ना?' मी ऐकलं नाही असं केलं.

तुझ्या त्या पाठाच्या दिवशी मी पत्रक भरलेलं नव्हतं, हे मी चौकशीत सांगितलं होतं. तुला आठवत असेल. गडबडीत लिहायचं राहून गेलं.

मावशी


शुक्रवार, १३ सप्टेंबर

मिरे,

आज जरा बरी बातमी आहे, म्हणून घाईने लिहिते.

प्राचार्यांनी बोलावलं होतं. दार लावून घेतलं, पंखा वाढवला, म्हणजे काहीतरी खासगी. म्हणाले, 'मॅडम, मार्चमध्ये तुम्ही निवृत्त होताय. कशाला जुनी मढी उकरायची? असं लिहा, की वय कमी होतं, अनुभव नव्हता, झाल्या गोष्टीला चौदा वर्षं झाली, तरी सहानुभूतीने विचार व्हावा. समिती मान्य करेल. कुणाला काही विचारणार नाही. साप मरेल, काठीही तुटणार नाही.'

पहिल्यांदाच त्या माणसाचं डोकं चाललेलं पाहिलं. मी घरी येऊन कच्चा मसुदा केला. चांगला झालाय, सोबत जोडते. 'सदर विद्यार्थिनी हुशार व मनमिळाऊ होती. तिच्या हातून झालेली चूक ही अनुभवाच्या अभावी झाली असून तिला मोठ्या मनाने माफ करण्यात यावे, अशी माझी शिफारस आहे.' शेरा निघेल. तुला बालवाडी मिळेल. कुणालाही तसदी नाही.

तुझ्या आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नुसतं 'हं' म्हणाली. त्या 'हं'चा अर्थ तूच विचार तिला.

ग्रंथपालांचे चार गठ्ठे राहिलेत. ती बंडलं कुठवर आली हे मी रोज जाता जाता बघून घेते. सहज आपलं.

मसुदा आवडला तर कळव. एखादा शब्द बदलायचा असेल तरी सांग, तू लहानपणापासून माझ्या पत्रांतल्या चुका काढायचीस.

मावशी


गुरुवार, १९ सप्टेंबर

मिरे,

माझा मसुदा परत आला. खाली तुझ्या अक्षरात दोन ओळी. 'मी माफी मागितलेली नाही. अर्ज परत वाच.'

मूर्ती लहान, तिखट मात्र तेवढंच. मिरी हे नाव तुला उगाच नव्हतं ठेवलं मी.

वाचला परत. या वेळी दुसरं पानही वाचलं. पहिल्यांदा मी ते उलटलंच नव्हतं. नव्हे, उलटलं होतं आणि झटकन मिटलं होतं. तू लिहिलंयस: 'त्या दिवशीचे निरीक्षण पत्रक समितीने पाहावे. पत्रक भरलेच नव्हते असे सांगण्यात आले होते. माझ्या मावशीने पत्रक न भरता पाठ पाहिल्याचे मी कधी ऐकलेले नाही.'

कोण म्हणतं शिकाऊ मुलं परीक्षकाला ओळखत नाहीत!

बरं, तर ऐक. पत्रक मी भरलं होतं. मिनिटागणिक भरलं होतं. पत्रकाच्या दोन प्रती होतात हे तुलाही पाठ आहे: खाली कार्बन, वरची प्रत पाठ देणाऱ्याच्या हातात, खालची कार्यालयात. त्या मुलीला घेऊन सगळे धावले तेव्हा मी वरची प्रत फाडली आणि शाळेच्या मोरीत टाकून वर दोन बादल्या पाणी ओतलं. खालची प्रत फाडायचं भान राहिलं नाही. पत्रकांची वही तशीच बाकावर राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या शिपायाने ती, माझी छत्री आणि डबा असं सगळं आपल्या कार्यालयात आणून दिलं. कारकुनाने कार्बन प्रती काढून गठ्ठ्यात लावल्या आणि गठ्ठा तळघरात गेला. मागायची माझी छाती झाली नाही. मागितली असती तर 'कशाला हवी, मॅडम' असं कुणीतरी विचारलं असतं. ती तिथेच कुजेल, उंदीर खातील, अशा आशेवर मी चौदा वर्षं काढली.

आणि हो, मी पाहिलं होतं. ती मुलगी मान टाकून बसली ते मी पाहिलं होतं. झोप लागली असेल असं वाटलं. खरंच.

आता हेही सांगते. तुला माहीत नसेल, ती मुलगी आता तेवीस वर्षांची आहे. बसथांब्याजवळच्या औषधांच्या दुकानात काम करते. गोड हसते. डाव्या हाताची बोटं वळत नाहीत तिची. गोळ्यांची पट्टी कापायची असली की ती डाव्या तळव्याखाली दाबून धरते आणि उजव्या हाताने कात्री चालवते. गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला मी दोन वर्षं त्याच दुकानात जाते, घराच्या खाली दुकान असताना. 'मावशी, जेवणानंतर घ्या हं,' म्हणते. मला मावशी म्हणते गं ती. दर वेळी वाटतं आज ओळखेल. ती ओळखत नाही. मागच्या बाकावर कोण बसलंय हे मुलांना कुठे दिसतं!

तुला माझ्या घाबरण्याची कीव येत नसेल. येऊही नये.

मावशी


रविवार, २२ सप्टेंबर

मिरे,

मी चोरी केली. साठाव्या वर्षी, सकाळी दहा वाजता, कडक इस्त्रीची साडी नेसून.

शनिवारी जाताना ग्रंथपाल म्हणाले, 'सोमवारी तुमच्या भाचीच्या वर्षाचा गठ्ठा.' 'तुमच्या भाचीच्या' असं बोलून गेले, मग ओशाळून जीभ चावली. मी घरी आले ती अन्नाला शिवले नाही. आज सुट्टी. पहारेकऱ्याला सांगितलं, वार्तापत्र बुधवारी छापायला जायचंय, एक संदर्भ बघायचाय. त्याने किल्ली दिली आणि वर विचारलं, 'चहा सांगू का, मॅडम?' माणूस एवढा विश्वास का ठेवतो कुणावर?

ग्रंथालयात त्या लांब टेबलावर सगळी वर्षं ओळीने मांडलेली. प्रत्येक गठ्ठ्याला सुतळी, सुतळीला चिठ्ठी. आपलं वर्ष मधोमध. गाठ सुटेना, नखं तुटली. शेवटी दातांनी सोडली. माझ्या अक्षरातली पत्रकं एकावर एक. तुझे आधीचेही पाठ होते त्यात. 'फळ्यावरचं लेखन सुंदर.' 'मुलांना नावाने हाक मारते, हे विशेष.' मी लिहिलं होतं हे, मिरे. मी विसरून गेले होते.

मग सदतीस नंबर. कार्बन फिकट झालाय, पण लख्ख वाचता येतो. घडी घालून पर्समध्ये टाकला, गठ्ठा होता तसा बांधला, किल्ली दिली, चहा प्यायले. हो, प्यायले. पहारेकऱ्याच्या नातीची चौकशीसुद्धा केली.

आता तो कागद माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर आहे. त्याच्यावर मिठाची बरणी ठेवलीय, उडू नये म्हणून. गॅस चार पावलांवर आहे. पेटवला की दहा सेकंदांचं काम. पुरावा नाही, साक्षीदार नाही. त्या वर्गाच्या वर्गशिक्षिका बाईंना चौकशीत कुणी विचारलंच नव्हतं, आणि आता त्या जाऊनही सहा वर्षं झाली. मग त्या सहानुभूतीच्या मसुद्यावर सही करायची, तुला शेरा पुसून मिळेल, मला मार्चमध्ये निरोपाची शाल आणि नारळ मिळेल, संपलं.

मला वाटलं होतं की कागद हातात आला की भीती जाईल. उलट वाढलीय. तो तळघरात होता तोवर निदान मी आणि तो दूर तरी होतो.

कागदाच्या अगदी वर, समासात, एक ओळ आहे. ती आज नाही लिहिता येत.


मंगळवार, २४ सप्टेंबर

मिरे,

काल ग्रंथपालांनी गठ्ठा सोडला. पत्रकांवर छापील क्रमांक असतात हे माझ्या ध्यानातच नव्हतं; आयुष्यभर पत्रकं भरली आणि हे ध्यानात नव्हतं, बघ. चहाच्या वेळी ते म्हणाले, 'छत्तीसनंतर एकदम अडतीस. एक गळलाय.' कुणीतरी म्हणालं उंदराने नेला असेल. ग्रंथपालांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाने मला कधी चष्म्यातून पाहिलेलं नव्हतं. म्हणाले, 'हो, उंदीरच असेल,' आणि वाचनाला दुसरा गठ्ठा घेतला. सुतळीची गाठ दुसऱ्या तऱ्हेची आहे हे त्यांनी ओळखलं असणार. बोलले नाहीत. वर्षानुवर्षं माणूस ज्या संस्थेत मुका बसायला शिकतो तिथे दुसरं काय होणार? आणि शिकवलं कुणी, तर मी.

मी तशीच उठून वर्गात गेले, माझा तास होता. समोर चाळीस शिकाऊ पोरी. मी म्हणाले, 'मागच्या बाकाचा नियम सांगा.' सगळ्यांनी एका सुरात म्हटला. मला तिथे उभं राहवेना.

आता ती ओळ सांगते. मग तुला माझ्याबद्दल जे वाटेल ते खरं असेल.

पाठाच्या आधी वर्गशिक्षिका बाई मागे माझ्याजवळ आल्या होत्या. तू तेव्हा फळा पुसत होतीस. त्यांनी बोटाने दाखवलं, 'ती तिसऱ्या बाकावरची, खिडकीपाशी. साखरेचा आजार आहे. साखर उतरून मान टाकली तर लगेच साखरेची गोळी द्यायची, माझ्या खणात आहेत. मुलीला सांगा तुमच्या.' मी 'हो' म्हणाले आणि समासात लिहून घेतलं. आणि तुला सांगितलं नाही. विसरले नव्हते. पाठाआधी विद्यार्थिनीशी बोलायचं नाही हा माझा नियम, आणि तू माझी भाची. मावशीच परीक्षक, मग काय विचारता, असं बाकीच्या मुली वर्षभर तुझ्या पाठीमागे बोलत होत्या. मी तुझ्या कानाशी लागले असते तर त्यांना आयतं कोलीत मिळालं असतं.

तिने मान टाकली तेव्हा मला ते आठवलं. नक्की आठवलं. मला झोप वाटली हे मी गुरुवारी लिहिलं ते खोटं. मी बसून राहिले, कारण तुझ्या लक्षात येतंय का हे मला बघायचं होतं. 'वर्गावर लक्ष' याला दहा गुण असतात. तू तिच्याकडे बघतेस का हे मी बघत होते, आणि तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. एक मिनिट थांबू, आणखी एक मिनिट थांबू, पोरीच्या ध्यानात येईलच, असं करत मी घड्याळ बघून लिहीत राहिले. अशी चूक दुसरं कुणी करणार नाही, मिरे. रस्त्यावरचा माणूस उठला असता. भाजीवाली उठली असती. शिक्षक घडवणारी बाई उठली नाही.

आणि तू खरंच पाहिलंस. पेन मी हलवलं होतं. पुढे चल, असंच म्हटलं होतं.

सदतीस नंबरच्या पत्रकावर आहे ते जसंच्या तसं उतरवते. 'छात्राध्यापिका' म्हणजे तू, 'निरीक्षक' म्हणजे मी.

समास: तिसरा बाक, खिडकी. साखरेचा आजार. मान टाकल्यास गोळी, बाईंच्या खणात.
११.०४ प्रस्तावना उत्तम. कागदी पट्ट्या वाटल्या.
११.१२ ति. बाक, खिडकी: मान टाकली. छा. चे लक्ष नाही.
११.१७ तिलाच प्रश्न. उत्तर अस्पष्ट. चेहऱ्यावर घाम.
११.१९ छा. थांबली. मुलीच्या दिशेने दोन पावले. निरीक्षकाकडे पाहिले. पाठाचा ओघ तुटला. एक गुण वजा.
११.२० पाठ पूर्ववत.
११.२६ ति. बाक: हातातली पट्टी खाली पडली.
११.३१

पुढे कोरं आहे.

आज सकाळी मी याची छायाप्रत आणि चार ओळींचा अभिप्राय प्राचार्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचलं, दार लावायलाही उठले नाहीत. 'मॅडम, तुम्हाला कळतंय का काय होईल?' म्हणाले. मी म्हटलं, नीटसं नाही, म्हणून तर घाबरलेय. ग्रंथपालांना एक प्रत दिली. ते म्हणाले, 'उंदराने परत आणून दिला म्हणायचं,' आणि पाठ फिरवून चष्मा पुसत बसले. वार्तापत्राच्या उद्या छापायला जाणाऱ्या अंकात माझ्या सदरात हेच पत्रक जातंय, माझ्या नावानिशी, तुझं नाव न घेता. खाली एवढंच लिहिलंय की तो नियम मी केला, तो चुकीचा आहे, तो आजपासून कुणी पाळू नये, आणि मूल मान टाकेल त्या क्षणी उठायचं, पाठ मेला तरी चालेल. त्या तरुण प्राध्यापकाला तर आजच कळवलं.

औषधाच्या दुकानात जायचं राहिलंय. काल दोनदा बसथांब्यापर्यंत जाऊन परत फिरले. तीस तारखेच्या आत जाईन. ती मला मावशी म्हणायच्या आधी सांगायला हवं, एवढंच ठरवलंय. कसं सांगायचं ते ठरलेलं नाही. नोकरी, निवृत्तीचा समारंभ, पोलीस, जे व्हायचं ते होवो असं म्हणायची माझी हिंमत नाही. मला भीती वाटते. रात्रंदिवस वाटते. माझं अक्षरच बघ, मोत्याचे दाणे म्हणे!

सोबत टाचणीने जो फिकट निळा कागद लावलाय ती मूळ कार्बन प्रत आहे. समितीला हवी असेल तर तू दाखव, नाहीतर तुझ्याकडेच ठेव. पाठ संपला की पत्रकाची एक प्रत पाठ देणाऱ्याच्या हातात द्यायची असते, त्याच दिवशी, समोरासमोर, हे मी शेकडो जणांना शिकवलं. तुझी राहिली होती.

११.१९ ची ओळ नीट वाच, पोरी. त्या अर्ध्या तासात त्या वर्गात एवढी एकच गोष्ट कुणीतरी बरोबर केली होती. ती तू केलीस, आणि मी तिचा गुण कापला.

तुझी मावशी